बांधायची राहिलेली गाठ

दिवाळी होऊन गेली होती. गोरेगावच्या बाजूला या दिवसांत कुणाच्या घरी जावं तर दारात कोंबड्या भेटतात, माणूस भेटत नाही. सगळं गाव विळे घेऊन बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत उतरलेलं असतं. धान कापायचं, वाळवायचं, भारे बांधायचे, पुंजणं, म्हणजे भाऱ्यांची गंजी, रचायचं. अशा वेळी आरोग्यकेंद्राची आशाताई दिसली की लोक दुरूनच हात हलवून 'संध्याकाळी या' म्हणतात आणि पुन्हा वाकतात. शामकला ही तिथली आशाताई; तिला हे सगळं ठाऊक होतं. तरी जेवण उरकून भर दुपारी गोळ्यांची पिशवी सायकलला अडकवून ती चिचटोल्याला निघाली, कारण सकाळपासून रिंकी तिच्या डोक्यातून जात नव्हती.

रिंकी म्हणजे चिचटोल्याच्या सावित्रीबाईंची धाकटी सून, खुमेंद्रची बायको. पहिलटकरीण. मागच्या तपासणीला तिचे पाय सुजलेले होते, अंगात रक्त कमी, दाब चढलेला. डॉक्टरांनी शामकलाला बाजूला घेऊन बजावलं होतं की ही मुलगी घरी बाळंत होता कामा नये. घरी झाली आणि रक्त वाहायला लागलं तर हातची जाईल. पहिली कळ आली की फोन करायचा आणि गाडीत घालायची. शामकलाने हे सावित्रीबाईंना चार वेळा समजावलं आणि चारही वेळा त्यांनी 'हो जी, हो जी' म्हणून मान हलवली. एवढ्या पटकन हो म्हणणाऱ्या सासवांवर शामकलाचा काडीचा भरवसा नव्हता. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण तिच्या मनाला चैन पडेना.

शामकला जात्याच चौकस. तिचा नवरा उदाराम चारचौघांत सांगायचा की हिला वाटेत भूत भेटलं तर ही आधी त्याचं नाव-गाव विचारील आणि मग जेवला का म्हणून चौकशी करील. ती हसायची. त्या दुपारी तिच्या स्वभावाची खरी परीक्षा होणार आहे हे बिचाऱ्या उदारामला काय माहीत!

नाल्यावरचा रपटा, तो बुटका पूल, ओलांडला आणि तिला एक बैल दिसला. मोकळाच चालला होता, गळ्यातलं दावं मातीतून घसटत. कुणाचा तरी सुटला म्हणून तिने सायकल उभी केली, दावं धरलं आणि सवयीने त्याचं टोक पाहिलं. तुटलेलं नव्हतं, चावलेलंही नव्हतं. गाठीचे वळ अजून दोरावर तसेच होते, फक्त गाठ नव्हती. कुणीतरी ती सावकाश, नीट सोडवलेली होती. तिने बैलाला बाभळीला बांधलं आणि पुढे निघाली, तर मागून खुरांचा आवाज. बैल पुन्हा मोकळा, तिच्यामागून शांतपणे येत होता.

ती थांबली. आजूबाजूला कुणी नव्हतं. उन्हात वारा पडलेला, दूरवर कापणीवाल्यांचे डोक्याचे रुमाल तेवढे हलत होते. कापलेल्या धानाचा ओलसर गोड वास सगळीकडे भरला होता, आणि त्याच्या आत अगदी बारीक असा दुसराच एक वास होता. ओव्याच्या धुरीचा. बाळंतिणीच्या खोलीत असतो तो. भर रानात, उघड्या आभाळाखाली तो वास आला आणि शामकलाच्या मानेवर काटा उभा राहिला. तिने मान चाचपली तेव्हा तिला कळलं की आपली आखूड वेणी सुटली आहे. रिबीन खांद्यावरून ओघळून हँडलवर लोंबत होती.

पायवाटेच्या कडेला बांधलेल्या भाऱ्यांची ओळ होती. होती म्हणजे असायला हवी होती. एकूण एक भारा सुटून पसरला होता. तणसाचे बंद बाजूला पडले होते, आणि ही सुटलेली ओळ वाटेच्या कडेने सरळ टोल्याकडे, वस्तीकडे गेली होती. दुसरी एखादी असती तर सायकल वळवून घरी गेली असती, आणि तिला कुणी नावं ठेवली नसती. शामकला खाली बसली. तिने एक भारा गोळा केला, बंद पिळून घट्ट बांधला आणि गुडघ्यावर हनुवटी ठेवून त्याच्याकडे पाहत राहिली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग बंदाचं टोक हललं. मागे सरलं, घडीखालून निघालं, वळसा घेऊन दुसऱ्या बाजूला आलं आणि उलगडलं. त्यात घाई नव्हती, ओढाताण नव्हती. झोपलेल्या लेकराचं अंगडं काढावं इतक्या जपून कुणीतरी ती गाठ सोडली होती. शामकला भ्याली, चांगलीच भ्याली. पण भीतीच्या जोडीला तिच्या मनात प्रश्न उभा राहिला की जे कुणी हे करतंय ते काय शोधतंय.

तिने आपल्या रुमालाच्या टोकाला गाठ मारली आणि चालू लागली. गाठ सुटली की पुन्हा मारायची. चालता चालता तिच्या लक्षात आलं की टोला जवळ येतो तशी गाठ लवकर सुटते. डावीकडच्या गल्लीत शिरलं की उशीर लागतो, उजवीकडे वळलं की टिकतच नाही. आंधळी कोशिंबीर खेळताना पोरं 'जवळ, जवळ' म्हणून सांगतात तसं तो रुमाल तिला सांगत होता. शेवटी गाठ मारून बोट काढायच्या आत ती सुटली तेव्हा शामकलाने वर पाहिलं. ती सावित्रीबाईंच्या दारात उभी होती.

दार सताड उघडं होतं. ओसरीवर सावित्रीबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मागे धानाच्या कोठीचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं, लोखंडी पेटी उघडी, तिचं कुलूप किल्लीसकट बाजूला पडलेलं. गोठा रिकामा. शामकलाने रिंकीबद्दल विचारलं तर त्या मान वर न करता म्हणाल्या की ती माहेरी गेली, कामठ्याला, कालच.

शामकलाने रुमालाला गाठ मारली आणि तो त्यांच्या सुपात, तांदळावर ठेवला. गाठ त्यांच्या डोळ्यांदेखत उलगडली. सावित्रीबाईंचे हात थांबले.

"काकीजी," शामकला हळूच म्हणाली, "घरचे ताले तुमीच खोलले ना?"

"...हो."

"अन् शेतातले भारे?"

"भारे कायले खोलीन मी?" त्यांनी सूप बाजूला सारलं. "मी घरच्याच गाठी सोडल्या. घरच्याच..."

आतून, दातांखाली पदर दाबून कुणी कण्हावं तसा आवाज आला.

आता ही रीत सांगायला हवी. त्या भागात बाई अडली की घरातलं बांधलेलं सगळं मोकळं करतात. कुलपं काढतात, कोठ्या उघडतात, गुरं सोडतात, बाईचे केस सोडतात, म्हणजे तीही लवकर मोकळी होते. यात वाईट काही नाही. वाईट आहे ती दुसरी समजूत. कळा सुरू झाल्याची बातमी जितक्या कानांवर जाईल तितक्या कळा लांबतात म्हणतात. म्हणून घरातली माणसं शेजाऱ्यांपासून लपवतात, पुरुषांपासून लपवतात आणि आशाताईपासून तर हटकून लपवतात. शामकलाच्या देखरेखीतल्या अर्ध्या बाळंतिणी अशा लपवालपवीतच शेवटच्या घटकेला तिच्या हाती लागल्या होत्या. तिला सावित्रीबाईंचा असा संताप आला की ती त्यांना ओलांडूनच आत गेली.

खोलीत अंधार होता. बाजेची सुतळी सैल होऊन पार खाली लोंबली होती आणि त्या झोळीत रिंकी पडली होती. सुजलेलं तोंड, ओठ पांढरे. शामकलाला पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, डोकं फुटून राहिलं माझं... डोळ्यापुढं चांदण्या..."

"कधीपासून, बाई?"

"सकाळपासून. सासूमाय म्हणे कोनाले सांगू नोको." मग ती कुजबुजली. "ताई... माझ्या मागं बसली हाये ते कोन आहे? केस मोकळे करून राहिली माझे. तिले म्हना, हळू..."

रिंकीच्या मागे भिंत होती. पण तिचे केस उशीवर विंचरल्यासारखे दोन्हीकडे नीट पसरलेले होते.

फोनला फक्त मागच्या अंगणातल्या विहिरीपाशी रेंज मिळायची. शामकलाने तिथून नंदलालला फोन लावला. नंदलाल म्हणजे दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर. तो लगेच निघाला, पण अरुंद रपट्यावरून गाडी येणार नाही, नाल्यापलीकडेच उभी करावी लागेल म्हणाला. मग तिने बांधीकडे धावत जाऊन खुमेंद्रला हाका मारल्या. बैल सुटल्यामुळे बैलबंडी जुंपता येईना, सैल झालेली बाज उचलून न्यायच्या कामाची राहिली नाही. अखेर मोटारसायकलवर खुमेंद्र पुढे, मध्ये रिंकी आणि मागे तिला कवेत धरून शामकला अशी ती वरात दगडधोंड्यांतून नाल्यापर्यंत पोचली. सावित्रीबाई मागून अनवाणी पळत आल्या. त्यांना कुणी चल म्हटलं नव्हतं, पण गाडीचं दार लागायच्या आत त्या चढून बसल्या होत्या. खुमेंद्र मोटारसायकलवर मागे राहिला.

गाडी सुरू झाली. स्ट्रेचरच्या पट्ट्या शामकलाने दोनदा लावल्या, दोनदा त्यांचे खटके आपोआप सुटले. तिसऱ्यांदा तिने लावल्याच नाहीत. ओव्याचा वास आता गाडीतही होता.

"काकीजी," ती म्हणाली, "हे कोन आहे? खरं सांगा. पोरीच्या जीवाशी आलं हाये."

सावित्रीबाईंनी जे सांगितलं ते तुटक तुटक, अर्धं पदरात. त्यांची थोरली सून प्रेमिला. शामकला आशा व्हायच्या आधीची गोष्ट. तिच्याही कळा अशाच लपवलेल्या. घरातलं सगळं सोडलं, दोन दिवस सोडूनच ठेवलं, पण लेकरू आलं नाही. पोटातच राहिलं आणि ती त्याला घेऊन गेली. बाळंतपण पार पडलं की घरची मोठी बाई मोठ्याने 'सुटली' म्हणते आणि आपल्या हाताने पहिली गाठ बांधते. त्यानंतरच बाकीचे कुलपं लावतात, गुरं बांधतात. जिने पहिली गाठ बांधली तिच्या ओटीतलं ते लेकरू, असं मानतात. प्रेमिलाच्या वेळी सावित्रीबाई घाबरून अंगणात पळाल्या. 'सुटली' कुणी म्हटलं नाही. गाठ कुणी बांधली नाही.

"ते अजून सोडूनच राहिली," त्या म्हणाल्या. "तिले कोनी पुरे म्हनलंच नाही..."

एवढं बोलणं झालं आणि रिंकीने शामकलाचा दंड करकचून धरला. पुढचं सगळं फार भराभर झालं. इतकी सोपी सुटका शामकलाने पाहिली नव्हती. जणू अडवायला आत काही उरलंच नव्हतं. मुलगी झाली. निळसर, गप्प. नाळ इतकी आखूड की लेकराला आईच्या छातीपर्यंतही आणता येईना. गाडीतल्या पेटीत चिमटा नव्हता, दोरा होता. शामकलाने नाळेला दोन ठिकाणी गाठ मारली, मधून कापलं, लेकराला उलटं धरून पाठ चोळली. लेकराने बारीक आवाज काढला. तिच्या जीवात जीव आला.

आणि मग तिने पाहिलं की लेकराच्या नाळेचा दोरा उलगडतो आहे.

तिने तो पुन्हा बांधला. पुन्हा उलगडला. तितक्याच मायेने, तितक्याच सावकाश. नाळेच्या टोकाशी रक्ताचा लाल थेंब फुगला. शामकलाने ती दोन बोटांत दाबून धरली. तेवढ्यात तिच्या मांडीला काहीतरी कोमट लागलं. रिंकीखालची चादर भिजत चालली होती. तिने दुसऱ्या हाताने रिंकीचं पोट चाचपलं. बाळंत झाल्यावर गर्भाची पिशवी मुठीसारखी आवळायला हवी, तेव्हाच रक्त थांबतं. हाताखाली सगळं मऊ आणि सैल होतं. बैलाचं दावं, भाऱ्यांचे बंद, पेटीचं कुलूप सोडणाऱ्या हाताने आता हेही सोडून ठेवलं होतं. शामकला पोट जोरजोरात चोळू लागली. एक हात लेकराच्या नाळेवर, एक आईच्या पोटावर, आणि गोरेगाव अजून लांब.

"नंदलालभाऊ, जोरात घ्या."

"और कितना जोर से, ताई? रस्ता बघून राहिल्या ना तुमी..."

रिंकीची मान एका बाजूला कलली. शामकलाला रडू कोसळलं, तरी हात थांबले नाहीत.

"काकीजी, बोला तिच्याशी," ती म्हणाली. "तुमचंच ऐकंल ते. म्हना सुटली. गाठ बांधा."

सावित्रीबाई उठल्या. त्या घरात इतक्या वर्षांत ज्या नावाचा उच्चार झाला नव्हता ते नाव त्यांनी घेतलं. "प्रेमिला... सुटली वो बाई. सुटली. पुरे झालं आता." त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं. बोटं इतकी कापत होती की पदराचं एक टोक दुसऱ्याला लागेना. दोनदा निसटलं. रक्त गाडीच्या पत्र्यावरून त्यांच्या पायापर्यंत आलं होतं. ते पाहिलं आणि म्हातारीचा धीर सुटला. पदर सोडून तिने रिकाम्या जागेपुढे हात जोडले.

"माझ्यानं होत नाही. तूच बांध, माय... तूच बांध."

मग शामकलाच्या तळव्याखाली रिंकीचं पोट हलकेच आकसलं, कडक झालं, मुठीएवढं. स्ट्रेचरचा एक खटका टक् करून लागला. मग दुसरा. शामकलाने भीत भीत नाळेवरची बोटं उचलली. रक्त आलं नाही. काहीतरी घट्ट बसलं होतं. तिने नीट पाहिलंही नाही. तिने लेकराला फडक्यात गुंडाळलं, उराशी धरलं आणि हुंदके देऊन रडली. रिंकीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. ओव्याचा वास गेला होता.

दवाखान्यात पोचल्यावर रिंकीला आत नेऊन सलाईन लावलं, रक्ताची बाटली मागवली. ती वाचेल असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकून शामकला लेकराला ठेवलं होतं त्या खोलीत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या मनाला असं हलकं खूप दिवसांत वाटलं नव्हतं. सिस्टर लेकराला टेबलावर घेऊन फडकं उलगडत होती. नाळेला लावायचा चिमटा तिच्या हातात तयार होता.

"हे काय बांधलं हो ताई?" सिस्टर म्हणाली. "पेटीत दोरा नव्हता का?"

शामकला जवळ गेली. तिचा दोरा सुटून नाळेच्या बाजूला पडला होता. नाळेवर घट्ट, एकावर एक वेढे देऊन बांधलेला केस होता. एकच, काळा, लांब. सावित्रीबाईंचं डोकं पांढरं. रिंकीचे केस पलीकडच्या खोलीत तिच्यासोबत. शामकलाचे केस खांद्याखाली कधी गेले नव्हते.

सावित्रीबाई दारात आल्या होत्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि चौकट धरून खाली बसल्या.

सिस्टरने केसाचं टोक शोधायला तो चिमटीत धरला. केस टेबलाच्या कडेवरून खाली गेला होता, फरशीवरून, सावित्रीबाईंच्या पायाशेजारून, उंबऱ्यापलीकडे, बाहेर व्हरांड्यात, जिथे ऊन पडलं होतं आणि कुणीही नव्हतं. तो सैल नव्हता.

"कुठं अडकला हा," सिस्टर पुटपुटली आणि तिने तो हलकेच आपल्याकडे ओढला.

लेकराने दाराकडे तोंड वळवलं. आणि पलीकडून कुणीतरी तितक्याच हलक्या हाताने तो केस परत ओढला.